शापाने दुष्यंत सुटत नाही

कालिदासावरचा एक आरोप इतका रुळला आहे की आता तो आरोप म्हणून नव्हे, सर्वमान्य माहिती म्हणून सांगितला जातो. महाभारतातली शकुंतला बाणेदार होती, भर दरबारात राजाला सुनावणारी होती. कालिदासाने ती कथा उचलली, शकुंतलेचा बाणा काढून घेतला, तिला लाजाळू आणि सोशीक केले आणि वर दुर्वासाचा शाप घालून दुष्यंताला नामानिराळे केले. जाणूनबुजून बायकोला नाकारणारा राजा नाटकात शापाचा बळी ठरला. थोडक्यात, कवीने राजाचे पाप धुऊन दिले. परिसंवादांत, वर्गांत, महिला दिनाच्या भाषणांत हे हमखास ऐकायला मिळते. इतिहासकार रोमिला थापर यांनी १९९९ साली शकुंतलेच्या वेगवेगळ्या रूपांवर एक अख्खे पुस्तक लिहिले आणि महाकाव्यातली स्वतंत्र स्त्री नाटकात कशी बदलली, याची साधार चर्चा केली. ती अभ्यासकाची मांडणी आहे. तिच्याशी सहमत व्हावे किंवा वाद घालावा. पण तिची जी दोन वाक्यांची आवृत्ती सगळीकडे फिरते आहे, ती नाटकातले पाचवा, सहावा आणि सातवा हे अंक न वाचता बोलली जाते. आदिपर्वातले शकुंतलोपाख्यान आणि ‘अभिज्ञानशाकुंतल’ शेजारी ठेवून वाचले की नेमके उलटे दिसते. गुन्हा करून सुटतो तो महाभारतातला दुष्यंत. कालिदासाचा दुष्यंत सुटत नाही.

आधी उसनवारीचा मुद्दा निकालात काढू, कारण त्यात फारसा दम नाही. कथा कालिदासाची नव्हती, हे खरेच आहे. पण आपल्या नाट्यशास्त्राने ‘नाटक’ या प्रकाराची ती अटच घातलेली आहे. नाटकाचे कथानक प्रख्यात हवे, लोकांना आधीपासून ठाऊक असलेले हवे. स्वतः रचलेली गोष्ट सांगायची असेल तर त्यासाठी ‘प्रकरण’ हा वेगळा प्रकार आहे. शूद्रकाचे ‘मृच्छकटिक’ हे प्रकरण, ‘शाकुंतल’ हे नाटक. त्यामुळे प्रेक्षक गोष्ट ऐकायला येतच नसे. ठाऊक असलेल्या गोष्टीचे कवीने काय केले, ते पाहायला येई. कवीने केलेला बदल लपत नव्हता आणि लपवायचाही नव्हता. कुंतकासारख्या काव्यशास्त्रज्ञाने मूळ कथेत कवीने घातलेल्या नव्या प्रसंगाचे सौंदर्य समजावताना उदाहरण घेतले ते दुर्वासाच्या शापाचेच. तेव्हा ‘कालिदासाने कथा उचलली’ या वाक्याने काहीच सिद्ध होत नाही. प्रश्न एवढाच उरतो की उचलून त्याने काय केले.

यावर प्रतिपक्षाकडे एक बळकट पुरावा आहे, तो मी आधीच मान्य करतो. धनंजयाच्या ‘दशरूपक’ या ग्रंथात स्पष्ट सांगितले आहे की मूळ कथेत नायकाला किंवा रसाला न शोभणारे काही असेल तर ते टाकावे किंवा बदलून घ्यावे. म्हणजे नायकाची प्रतिमा जपण्याची सोय शास्त्रानेच करून ठेवली होती, आणि कालिदासाने तिचा फायदा घेतला, असे म्हणता येते. ‘विक्रमोर्वशीय’ नाटकापुरते मी ते ऐकूनही घेईन. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात उर्वशी पुरूरव्याला सोडून निघालेली आहे, तो विनवतो आणि ती परतत नाही. कालिदासाने त्या कठोर संवादाचा शेवट मीलनात केला. तिथे धार बोथट झाली. पण एका नाटकात घडले म्हणून दुसऱ्यातही तेच घडले असे होत नाही. प्रत्येक बदल त्याच्या जागी तपासावा लागतो.

आता मूळ कथा पाहू. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढली आणि वि. स. सुखटणकरांनी संपादलेले आदिपर्व १९३३ साली पूर्ण झाले, त्यामुळे उपाख्यानाचा काटेकोर पाठ आपल्यापुढे आहे. त्यात दुष्यंत शिकारीच्या नादात कण्वाच्या आश्रमात येतो. कण्व फळे आणायला गेलेला. शकुंतला एकटीच त्याचे स्वागत करते, आपल्या जन्माची हकिकत स्वतः सांगते. राजा गांधर्व विवाहाची गोष्ट काढतो, तेव्हा ती अट घालते : माझा मुलगाच तुझ्यामागे राजा होईल. राजा फारसा विचार न करता होकार देतो, तुला न्यायला सेना पाठवीन असे सांगून जातो आणि पाठवत नाही. मुलगा सहा वर्षांचा होतो. मग ती त्याला घेऊन हस्तिनापुरात येते, आणि राजा तिला ओळखत नाही म्हणतो. त्याला सगळे आठवत असते. महाभारत ते स्वच्छ सांगते. तरीही तो तिला दुष्ट तापसी म्हणतो, तिच्या आईबापांची अब्रू काढतो, स्त्रिया खोटे बोलतात असे म्हणतो, एवढ्या थोड्या काळात हा मुलगा सालवृक्षाच्या खोडाएवढा कसा झाला म्हणून शंका घेतो.

शकुंतलेचे उत्तर हे महाभारताचे वैभव आहे, यात वाद नाही. तू एकटा होतास असे समजू नकोस, तुझ्या हृदयात बसलेला साक्षी सगळे पाहतो आहे, इथून ती सुरू करते. पत्नी, पुत्र आणि सत्य यांच्या मोलावर बोलत राहते. माझा जन्म तुझ्यापेक्षा वरचा आहे असे त्याच्या तोंडावर सांगते. तू नाही स्वीकारलेस तरी माझा मुलगा पृथ्वीचे राज्य करील, असे बजावून निघते. या शकुंतलेचे कौतुक करणाऱ्यांच्या सुरात माझाही सूर आहे.

पण कौतुक करणारे इथेच थांबतात, कथा मात्र पुढे जाते. ती निघते तोच आकाशवाणी होते. शकुंतला खरे बोलते आहे, तिचा अपमान करू नकोस, मुलाचा सांभाळ कर, असे ती सांगते. आणि त्यासाठी कारण देते ते असे की आई ही नुसती कातड्याची पिशवी, मुलगा बापाचाच असतो. राजा आनंदतो. पुरोहिताला आणि मंत्र्यांना म्हणतो, हा माझा मुलगा हे मलाही ठाऊक होते, पण नुसत्या हिच्या सांगण्यावरून स्वीकारले असते तर लोकांनी संशय घेतला असता. मग शकुंतलेकडे वळून सांगतो की हे सगळे मी तुझ्या शुद्धीसाठीच केले, आणि रागाच्या भरात तू मला जे कठोर बोललीस त्याची मी तुला क्षमा केली आहे.

हा शेवट नीट वाचावा. खोटे बोलला तो, आणि क्षमा करतो तोच. शकुंतलेच्या इतक्या तेजस्वी भाषणाचा राजावर काहीही परिणाम झालेला नाही. तिच्या शब्दाला किंमत आली ती आकाशातून दुजोरा मिळाल्यावर. राजाला एक रात्रसुद्धा तळमळावे लागले नाही. उलट आपली लबाडी म्हणजे राजनीती होती असे सांगून तो मोकळा झाला. महाभारताला यात वावगे वाटत नाही, कारण वैशंपायन ही कथा जनमेजयाला, म्हणजे त्याच घराण्याच्या वंशजाला, भरताच्या उत्पत्तीची कथा म्हणून सांगतो आहे. वारस मान्य झाला की कथेचे काम झाले. बाईवर काय गुदरले हा त्या कथेचा विषयच नाही.

कालिदासापुढची अडचण इथे आहे. जाणूनबुजून खोटे बोलणाऱ्या माणसाला पश्चात्ताप कसा होणार? त्याला सगळे आधीच ठाऊक आहे, नव्याने कळण्यासारखे काही उरलेले नाही. तो पकडला जाईल किंवा जाणार नाही, एवढेच. बौद्ध परंपरेतल्या कट्ठहारी जातकात अशाच राजाची गोष्ट आहे. वाराणसीचा ब्रह्मदत्त लाकडे गोळा करणाऱ्या बाईला अंगठी देतो. ती मुलाला घेऊन दरबारात येते, अंगठी दाखवते, आणि राजा लोकलाजेपोटी ‘ही माझी अंगठीच नव्हे’ म्हणतो. खूण हातात असली तरी खोटारड्यापुढे तिचा उपयोग नाही. तिथेही चमत्कार घडल्यावरच राजा वठणीवर येतो. अशा राजाची गोष्ट एका लबाड माणसाची गोष्ट होते आणि तेवढ्यावरच संपते. राजाला आतून हलवायचे असेल तर आपण काय केले हे त्याला आधी न कळता नंतर कळायला हवे. दुर्वासाचा शाप त्यासाठी आला आहे : त्याने राजा शकुंतलेला विसरतो आणि त्यानेच तिला दिलेली अंगठी पुन्हा दिसली तरच त्याला ती आठवते.

‘म्हणजे शापाने तो निर्दोष ठरलाच की!’ असे प्रतिपक्ष म्हणेल. तर कालिदासाने शापाच्या अलीकडे-पलीकडे काय पेरून ठेवले आहे ते पाहा. दुसऱ्या अंकात, कुठलाही शाप नसताना, राजा आपल्या मित्राशी, विदूषक माधव्याशी, खोटे बोलतो. तो राजधानीत जाऊन अंतःपुरात काही बोलेल या भीतीने, त्या आश्रमकन्येबद्दल मी बोललो ती थट्टा होती, खरे मानू नकोस, असे त्याला सांगतो. या खोट्यामुळेच पुढे माधव्य त्याला आठवण करून देऊ शकत नाही. पाचव्या अंकाची सुरुवात होते ती पडद्याआडून येणाऱ्या हंसपदिकेच्या गाण्याने. राजाने एकदा प्रेम केले आणि विसरून गेला अशी ही राजवाड्यातली स्त्री. राजाला तो टोमणा कळतो आणि तो तिची समजूत घालायला विदूषकाला पाठवून देतो. शकुंतला दरबारात पाऊल ठेवण्याआधी काही क्षण हे घडते. शापाने जे घडवले त्याचे बी राजाच्या स्वभावातच होते, हे कवी इथे सुचवतो, असे रवींद्रनाथ ठाकुरांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी दाखवून दिले. राजाला नामानिराळे करायचे असते तर कालिदासाला हंसपदिकेची गरजच नव्हती. ज्या कवीला पुसायचे असते तो असे पुरावे मांडून ठेवत नाही.

आता त्या ‘सोशीक’ शकुंतलेकडे येऊ. पाचव्या अंकात ती गरोदर आहे. अंगठी नदीतल्या तीर्थात पडलेली, हे तिला दरबारातच कळते. ती राजाला आश्रमातल्या हरणाच्या पाडसाची आठवण सांगते, आणि राजा स्त्रियांच्या उपजत कपटाबद्दल बोलतो. त्यावर ही लाजाळू मुलगी त्याला भर दरबारात ‘अनार्य’ म्हणते. स्वतःच्या मनावरून जग ओळखणारा, धर्माचा अंगरखा घातलेला, गवताने झाकलेल्या विहिरीसारखा माणूस, असे ती त्याला ऐकवते. तिचा राग इतका अस्सल असतो की राजाच्या मनात स्वतःबद्दलच शंका येते. महाभारतातल्या भाषणाइतके हे लांब नाही, पण तिथल्या भाषणाने जे साधले नाही ते इथल्या चार वाक्यांनी साधते : समोरचा माणूस डळमळतो.

आणि या दरबारात दुसरे जे घडते ते मूळ कथेत नाही. इथे कोणीच खोटे बोलत नाही. राजा परस्त्रीला हात न लावण्याचा धर्म पाळतो. पुरोहित शास्त्राप्रमाणे तोडगा सुचवतो. कण्वाचा शिष्य शार्ङ्गरव राजाला फटकारतो, पण शकुंतला रडत त्यांच्या मागे निघाली की तिच्यावरच उखडतो, स्वतःच्या मनाप्रमाणे वागायचे आहे का म्हणून विचारतो, आणि नवऱ्याच्या घरी दासी होऊन राहणेही तुला योग्य आहे असे सांगून निघून जातो. आश्रमातून तिच्यासोबत आलेली वडीलधारी गौतमी तेवढी कळवळते, पण तिचे काही चालत नाही. प्रत्येकजण नियमाने वागतो आणि त्या सगळ्या नियमांच्या मधोमध एक निरपराध गरोदर बाई उघडी पडते. लबाड राजाच्या कथेत दोष एका माणसाचा असतो. कालिदासाने तो सगळ्या व्यवस्थेपर्यंत नेला. शार्ङ्गरवाचे दासीपणाचे वाक्य हा कवीचा उपदेश, असे सांगणाऱ्यांनी पुढचे पाहावे. शकुंतला दासी होऊन राहत नाही. ती धरणीला पोटात घे म्हणते, आणि एक तेजस्वी स्त्रीरूप तिला उचलून घेऊन जाते. त्या घरात ती क्षणभरही थांबत नाही.

सहाव्या अंकात अंगठी सापडते आणि राजाला सारे आठवते. इथला एक तपशील प्रतिपक्षाने कधीच विचारात घेतलेला नाही : राजाला शापाबद्दल काहीही ठाऊक नाही. शाप ठाऊक आहे तो शकुंतलेच्या मैत्रिणींना, अनसूया-प्रियंवदेला, आणि प्रेक्षकांना. आपल्या हातून हे कसे घडले, याचे कोणतेही समर्थन राजाजवळ नाही. तो वसंतोत्सव बंद करतो, शकुंतलेचे चित्र काढत बसतो, स्वतःला दोष देतो. त्याच वेळी अमात्याचा कागद येतो. धनमित्र नावाचा सागरी व्यापारी जहाज बुडून मेला, त्याला मूल नाही, तेव्हा त्याची संपत्ती राजाकडे जमा व्हावी. राजा चौकशी करायला लावतो : एवढा धनवान, त्याच्या अनेक बायका असतील, त्यांतली कोणी गरोदर आहे का? एक आहे, नुकतेच तिचे पुंसवन झाले आहे. राजा निर्णय देतो की बापाच्या संपत्तीवर त्या पोटातल्या बाळाचा हक्क आहे. शिवाय दवंडी देववतो की प्रजेतल्या कोणाचाही आप्त गेला, तर त्या आप्ताच्या जागी दुष्यंत आहे असे समजावे. आणि लगेच त्याला आठवते की स्वतःच्या गरोदर बायकोला त्याने याच राजवाड्यातून घालवून दिले. परक्याच्या गर्भाला न्याय देणारा राजा आपल्या गर्भावर अन्याय करून बसला आहे. तो मूर्च्छित होतो. महाभारतात याला समांतर एक ओळसुद्धा नाही. राजाचे पाप धुणारा कवी हा प्रसंग कशाला लिहील?

सातव्या अंकात उलटापालट पूर्ण होते. महाभारतात शकुंतला राजाच्या दरबारात जाते; इथे राजाला तिच्या जागी, हेमकूट पर्वतावरच्या मारीच ऋषीच्या आश्रमात, यावे लागते. तिथे पुरावा तिच्याकडे मागितला होता. इथे नकळत राजाचीच परीक्षा होते. मुलाच्या मनगटावरचा गळून पडलेला रक्षेचा ताईत आईबापांखेरीज कोणी उचलला तर त्याचा साप होतो. राजा तो सहज उचलतो. दरबारात त्याने तिला ओळखले नव्हते. इथे पश्चात्तापाने उतरलेल्या त्या चेहऱ्याकडे पाहून तीच गोंधळते, हा माझा नवरा दिसत नाही, मग माझ्या मुलाला हात लावणारा हा कोण, असे तिला वाटते. आणि मग राजा तिच्या पायांवर डोके ठेवतो. मारीच शापाची हकिकत सांगतो ती त्यानंतर. क्रम लक्षात घ्या : आधी क्षमायाचना, मग शापाचा खुलासा. कोणतीही पळवाट हाताशी नसताना हस्तिनापूरचा राजा बायकोच्या पाया पडतो. महाभारतात त्याने तिला क्षमा केली होती.

शकुंतला हे आपल्या पूर्वकर्माचे फळ मानून त्याला उठवते, नवऱ्याने आपल्याला विनाकारण टाकले नव्हते हे कळून समाधान मानते. ती बंडखोर नाही, हे मी नाकारत नाही. मुलाच्या राज्याची अट कालिदासाने गाळली, तेही खरे. त्याच्या नाटकात राजाकडून वचन घेण्याचे काम मैत्रिणींकडे गेले आणि नायिकेचे एक बळ कमी झाले. कण्वाने सासरी निघालेल्या लेकीला केलेला उपदेश आज जसाच्या तसा कोणी करू नये. पण ती भोळीही राहिलेली नाही. राजा अंगठी पुन्हा तिच्या बोटात घालू पाहतो तेव्हा ती म्हणते, हिच्यावर माझा विश्वास नाही, ही तुमच्याच बोटात असू द्या. सगळे विसरून गेलेल्या बाईचे हे बोलणे नव्हे.

मग लाजाळू, हळवी, पायातला काटा काढण्याच्या मिषाने वळून पाहणारी शकुंतला आली कुठून? ती बरीचशी आपणच पोसली. राजा रविवर्म्याने तो क्षण रंगवला, त्याच्या चित्रांच्या छापील प्रती घरोघरी भिंतींवर गेल्या. चौथा अंक सर्वांत सुंदर असे सुभाषितच आहे, म्हणून लेकीच्या पाठवणीचा तो अंक पिढ्यान्‌पिढ्या शिकवला गेला. मराठी संगीत रंगभूमीचा आरंभ ज्या प्रयोगाने झाला, त्या अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतल’चा ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात झालेला पहिला प्रयोगही पहिल्या चार अंकांचाच होता. त्या प्रयोगाचे ऋण मोठे आहे आणि चौथा अंक सुंदर आहेच. पण चार अंकांवर थांबलेल्या ओळखीतून जी शकुंतला मनात राहते, ती सात अंकांच्या नाटकातली नव्हे. आणि त्या अर्ध्या ओळखीच्या आधारावर कालिदासाला दोषी ठरवणे न्यायाचे नाही.

तेव्हा शिकवणाऱ्यांना आणि प्रयोग करणाऱ्यांना माझे सांगणे आहे : महाभारतातली शकुंतला जरूर शिकवा, पण तिचे भाषण संपले की पुस्तक मिटू नका, राजाने तिला ‘क्षमा’ केली तिथपर्यंत वाचा. आणि ‘शाकुंतल’ शिकवताना पाठवणीवर थांबू नका. हंसपदिकेचे गाणे, धनमित्राचा कागद आणि सातव्या अंकातला तो नमस्कार वर्गात वाचा, रंगमंचावर पूर्ण करा. जुनी गोष्ट घेणाऱ्या नाटककाराची किंमत त्याने मूळचे किती राखले यावर ठरत नाही. मूळ कथेने जो प्रश्न टाळला तो त्याने विचारला का, यावर ठरते. राजाने केलेल्या अन्यायाची भरपाई राजाने स्वतः कशी करायची, हा प्रश्न महाभारतातल्या कथेने विचारला नाही. कालिदासाने तो विचारला आणि उत्तरादाखल राजाला शकुंतलेच्या पायांशी आणले. त्याच्यावर राजाला वाचवल्याचा ठपका ठेवता येणार नाही.